जुन्या गाडीखालचा अनोळखी शॉकअप: आधी काम ओळखा, मग नाव, गाडी शेवटी

जुनी गाडी घेतली, वर उचलली, आणि ॲक्सल नि चॅसिसच्या मध्ये असा एक भाग दिसला की जो त्या गाडीच्या पार्ट्स बुकात कुठेच नाही. किंवा गाडीबरोबर आलेल्या खोक्यातून गंजलेले, जड, जोडीजोडीचे तुकडे निघाले आणि विकणाऱ्यालाही ते काय आहेत ते सांगता आलं नाही. मग फोटो काढून चार जाणत्यांना पाठवला जातो आणि प्रश्न विचारला जातो, "हा कोणत्या गाडीचा?" उत्तरं चार येतात, चारही वेगळी. पुढच्या महिन्यात आणखी कोणी दुसरा फोटो घेऊन तोच प्रश्न विचारतो.

उत्तरं जुळत नाहीत, कारण प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारलेला असतो. यातले बरेचसे भाग कोणत्याही एका गाडीसाठी बनलेच नव्हते. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त संख्येने बनली. तिला पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, होत्या; शॉकअप नव्हतेच. ज्याला दणके नकोसे व्हायचे तो दुकानातून वेगळा संच आणून बसवायचा. असे संच बनवणारा कारखाना मुख्य डबा एकच ठेवायचा, आणि फोर्डसाठी, डॉजसाठी, ब्यूकसाठी फक्त हात (लिव्हर), दुवा आणि ब्रॅकेट बदलायचा. म्हणून डबा सांगतो कारखान्याचं नाव आणि ब्रॅकेट सांगतं गाडीचं नाव. डब्याचा फोटो पाठवून गाडी विचारली की अंदाजच हाती येणार.

आपल्याकडच्या गाड्यांमध्ये हा गुंता आणखी वाढतो. फोर्डची भारतातली कंपनी १९२६ साली कॅनडाच्या फोर्डची उपकंपनी म्हणून सुरू झाली आणि मुंबईत गाड्यांची जुळणी करू लागली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी सुरू केली. म्हणजे गाडी अमेरिकन घराण्याची, सुटे भाग कॅनडाहून आलेले, आणि वरचे शोभेचे व सोयीचे सामान कित्येकदा इंग्लंडहून मागवलेलं. पुढे स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक बंधनं आली. तेव्हा आपल्या फिटर लोकांनी जीपचे, ट्रकचे, मिळेल त्याचे शॉकअप लेथवर बुश बनवून या गाड्यांना बसवले आणि गाड्या चालत्या ठेवल्या. त्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यामुळे एकाच गाडीखाली तीन देशांचे आणि तीन पिढ्यांचे भाग सापडू शकतात, हे धरूनच चालायचं.

आधी हात आवरा

भाग काढला की पहिली ऊर्मी असते ती घासून चकचकीत करायची. सॅंडब्लास्टिंग आणि ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश यांनी जितकी माहिती नष्ट केली आहे तितकी गंजानेही केली नसेल. ओतीव भागावरची उठावाची अक्षरं पुष्कळदा मिलिमीटरभरही वर आलेली नसतात. ठोकून उमटवलेले आकडे त्याहून उथळ असतात. पितळी पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा बिल्ला असेल तर त्यावरचं तर एका फेरीत जातं.

भाग गाडीवर असतानाच फोटो घ्या. डावा की उजवा, पुढचा की मागचा, हाताचं टोक कोणत्या दिशेला आहे, हे सगळं त्यात दिसलं पाहिजे. मग तारेने प्रत्येकाला चिठ्ठी बांधा. त्यानंतर रॉकेलमध्ये भिजत ठेवून लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीने ग्रीस आणि माती खरवडा. अक्षरं वाचताना टॉर्च समोरून मारू नका. अंधारात, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून आडवा प्रकाश टाका, म्हणजे उठावाची सावली पडते. तरीही वाचता येत नसेल तर पातळ कागद लावून वरून शिसपेन्सिल आडवी घासा. डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उतरतो, आणि तो कागद जपूनही ठेवता येतो.

एक सावधगिरी इथेच सांगतो. चकत्यांच्या घर्षणावर चालणारा भाग असेल तर आत नंतर कोणीतरी ब्रेक लायनिंगच्या चकत्या कापून बसवलेल्या असू शकतात, आणि जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ती भुकटी कोरडी घासू नका, हवेने उडवू नका. ओली करून पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

हाताने हलवून पाहा

नाव शोधण्याआधी हा भाग करतो काय ते ठरवायचं. त्यासाठी शेगडा, म्हणजे बेंच व्हाइस, आणि तुमचे दोन हात पुरतात. डबा शेगड्यात धरा आणि हात, म्हणजे लिव्हर, आधी सावकाश आणि मग जोरात फिरवा.

सावकाश फिरवला काय आणि जोरात फिरवला काय, विरोध जवळजवळ सारखाच लागतो, आणि अगदी सुरुवातीला हलवायलाच जास्त जोर लागतो? मग तो घर्षणाचा आहे. सावकाश फिरवल्यावर हात सहज जातो आणि झटका दिल्यावर अडतो? आत द्रव आहे, म्हणजे तो हायड्रॉलिक. सोडल्यावर आपणहून मूळ जागी परत येतो? ती स्प्रिंग आहे, शॉकअप नव्हे, मग त्यावर काहीही लिहिलेलं असो. एका दिशेने मोकळा आणि दुसऱ्या दिशेने जड असेल तर तो एकमार्गी आहे, आणि कोणत्या दिशेने जड आहे त्यावरून तो गाडीच्या कोणत्या बाजूचा ते ठरतं.

हायड्रॉलिक भाग पन्नास-साठ वर्षं पडून असेल तर तो असं सरळ उत्तर देत नाही. आधी काही अंश अगदी मोकळा फिरून मग अडत असेल तर आत हवा आहे किंवा द्रव कमी झालं आहे. पूर्ण मोकळा असेल तर रिकामा. अजिबात हलत नसेल तर बहुधा गंजला आहे. फोर्डच्या मॉडेल ए वरच्या हूडाय शॉकअपमध्ये ग्लिसरिन भरलेलं असे, आणि ग्लिसरिन हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत पडून राहिलेल्या अशा डब्याच्या आत काय झालं असेल याची कल्पना करा. अडकलेल्या हातावर घण घालू नका. आतली पाती आणि त्यांचा दांडा ही यातली दुरुस्तीला सर्वांत अवघड जागा असते. गंज सोडवणारं तेल सोडून, हलकी ऊब देऊन, दिवसेंदिवस थोडं थोडं हलवत राहावं लागतं.

घराणी

काम कळलं की घराणं कळतं. घराणी मोजकीच आहेत, आणि एकदा नजरेत बसली की फोटोवरूनही ओळखू येतात.

मॉडेल टी च्या पाट्याच्या टोकाशी वळ्यांची स्प्रिंग आणि तिला धरणारी ओतीव कमान दिसली तर ते हॅसलर किंवा त्याच्या जातीचं काहीतरी आहे. रॉबर्ट हॅसलर यांची कंपनी इंडियानापोलिसची. तिची स्प्रिंग एका टोकाला निमुळती असते आणि शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं टोक धरणाऱ्या दुव्याच्या, तिरप्या रोखात बसते. जाहिरातीत आणि कास्टिंगवर तिला शॉक ॲब्सॉर्बर म्हटलं आहे, पण ती आहे जादा स्प्रिंग. पाट्याला मऊपणा देते, उसळी शमवत नाही. "हॅसलर बसवले तरी गाडी डुलतेच" अशी तक्रार येते तेव्हा भागात दोष नसतो, अपेक्षेत असतो. दुसरी गोष्ट, मॉडेल टी साठी असे स्प्रिंगवाले संच बऱ्याच कारखान्यांनी काढले होते, आणि आज विकणारे सरसकट सगळ्यांना हॅसलर म्हणतात. कास्टिंगवर नाव वाचल्याशिवाय हॅसलर म्हणू नका, आणि हॅसलरचा दाम तर मुळीच देऊ नका.

कात्रीसारखे दोन चपटे हात, मध्ये चकत्यांची चवड, वरून चांदणीच्या आकाराची स्प्रिंग आणि घट्ट करायचा नट असेल तर ते हार्टफर्ड. कल्पना मूळची फ्रान्समधल्या त्रुफो यांची. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आणली, म्हणून सुरुवातीच्या भागांवर त्रुफो-हार्टफर्ड असं जोडनाव असतं. इंग्लंडमध्ये हाच प्रकार आंद्रे यांनी बनवला आणि फ्रान्समध्ये रेपुसो यांनी. हे रेपुसो म्हणजे १९२५ ची माँटे कार्लो रॅली रेनॉल्ट घेऊन जिंकणारे फ्रांस्वा रेपुसो. एकाच जातीच्या भागावर तीन देशांची तीन नावं येतात ती अशी, आणि त्यात खरं-खोटं काही नाही. मधल्या चकत्या एका थराच्या, दोन थरांच्या की त्याहून जास्त थरांच्या आहेत ते मोजून ठेवा, आणि चकतीचा व्यासही. जड गाडीला जास्त थर लागतात, त्यामुळे छोट्या मॉरिस गाडीखाली दुहेरी-तिहेरी हार्टफर्ड सापडले तर ते कोणत्या तरी मोठ्या गाडीवरून उतरवलेले असण्याची शक्यता खूप. नटाखाली काटा आणि अंशांची चकती असेल तर ती जपा. तिच्याशिवाय डावा-उजवा सारखा घट्ट करणं जिकिरीचं होतं.

सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो पट्ट्याच्या प्रकाराने, कारण पट्टा कधीच कुजून गेलेला असतो आणि उरतो नुसता डबा. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टर यांनी काढलेले गेब्रियल स्नबर हे यातलं सर्वांत गाजलेलं नाव. एक्झॉस्टच्या हवेवर वाजणारा गेब्रियल हॉर्नही याच गृहस्थांचा. चॅसिसवर डबा, आत स्प्रिंगने ताणलेल्या ठोकळ्याभोवती गुंडाळलेला जाड पट्टा, पट्ट्याचं टोक ॲक्सलला. चाक वर गेलं की पट्टा सैल पडतो आणि आतली स्प्रिंग तो ओढून घेते. चाक खाली येऊ लागलं की पट्टा घासत घासत बाहेर येतो आणि उसळी रोखतो. म्हणजे हा एकाच दिशेने काम करतो. फिलाडेल्फियाच्या जॉन वॉरन वॉटसन कंपनीचे स्टॅबिलेटर याच कुळातले. रिकाम्या डब्याला खालच्या अंगाला लांबट फट असेल, फटीची कड पट्ट्याने घासून गुळगुळीत झालेली असेल आणि बाहेर कुठलाही फिरणारा हात नसेल, तर हेच घराणं. पुष्कळ जण त्याला दाराचा किंवा टपाचा काहीतरी भाग समजून भंगारात घालतात, याचं फार वाईट वाटतं.

गोल डबा, मध्यातून निघालेला दांडा, त्यावर बसवलेला घडीव लोखंडाचा हात, आणि समोर आट्यांनी बसणारं मोठं झाकण असलं तर आत पाती फिरतात. हा हूडायचा नमुना. शोध मोरीस हूडाय या फ्रेंच माणसाचा, अमेरिकेत बनवणारी कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहराची. मॉडेल ए वर १९२८ पासून हे कारखान्यातूनच बसून येत, चारही चाकांना. नंतर फोर्डच्या व्ही-आठ गाड्यांवरही लिव्हरवाले हूडाय होते. त्यामुळे हूडाय नाव दिसलं की "बाहेरून लावलेला" असं म्हणता येत नाही. तो फोर्डचा मूळ भाग असेल किंवा दुसऱ्या गाडीसाठी सुटा विकलेला असेल, हे हात आणि ब्रॅकेटच सांगेल. इंग्लंडच्या लुव्हॅक्सनेही पात्यांचे गोल शॉकअप बनवले. नुसत्या आकारावरून ते हूडायसारखे वाटतात, पण आटे पाहिल्यावर शंका फिटते. आट्यांचा विषय पुढे येतो.

डबा गोल नसून आडवा लांबट असेल आणि टोकांना मोठ्या षटकोनी टोप्या असतील तर आत दट्ट्या आहे. अमेरिकेत लव्हजॉय, आणि जनरल मोटर्सच्या डेल्को विभागाने ते काम घेतल्यावर डेल्को-लव्हजॉय. इंग्लंडमध्ये आर्मस्ट्रॉंग आणि गर्लिंग. या घराण्याबद्दल एक इशारा ठळकपणे देतो. मॉरिस मायनर, एमजीबी आणि १९४० च्या दशकातल्या काही शेव्हरोले गाड्यांमध्ये पुढच्या शॉकअपचा हात हाच सस्पेन्शनचा वरचा बाहू असतो. म्हणजे चाक त्याच्यावर उभं आहे. आपल्याकडे आलेली बेबी हिंदुस्थान मायनरच्याच घडणीची. अशा गाडीत "हा कोणीतरी नंतर लावलेला दिसतोय, काढून पाहू" म्हणत बोल्ट सोडलात तर चाक आडवं होईल. हाताचं टोक ॲक्सलला दुव्याने जोडलं आहे की थेट चाकाच्या उभ्या खुंट्याला, हे आधी पाहा. खुंट्याला असेल तर तो गाडीचा मूळ अवयव आहे.

टेलिस्कोपिक शॉकअप, म्हणजे आजचे नळीवाले, यांच्याबद्दल फार लिहायची गरज नाही. १९३० च्या आधीच्या गाडीखाली ते दिसले तर जवळजवळ नक्की नंतरचे आहेत. तिथे ओळखायचं असतं ते शॉकअप नव्हे, त्यांच्यासाठी बनवलेलं ब्रॅकेट काढल्यावर खाली मूळ भोकं उरली आहेत का ते.

नाव आणि पेटंट

नाव वाचता आलं तरी ते कारखान्याचं आहे की ओतशाळेचं, हे पडताळा. छोटं वर्तुळ, त्रिकोण किंवा एकच अक्षर असेल तर बहुधा ओतशाळेची खूण. हातावर उठावाने आलेला लांब आकडा हा त्या घडीव तुकड्याचा साच्याचा आकडा असू शकतो. तोच हात पाच गाड्यांच्या संचात वापरलेला असतो, त्यामुळे पार्ट नंबर समजून तो शोधत बसलात की भलत्याच गाडीवर पोचाल.

पेटंटची ओळ मात्र खरा खजिना आहे. अमेरिकन भागांवर १९२७ च्या आधी नुसती तारीख देण्याची चाल होती. त्या वर्षीच्या कायद्याने पेटंटचा क्रमांक देणं आवश्यक झालं. म्हणून फक्त तारखा असतील तर भाग बहुधा त्या आधीच्या घडणीचा, आणि क्रमांकांची रांग असेल तर नंतरचा. जुने साचे पुढेही वापरले गेले, तेव्हा हा नियम अगदी काटेकोर धरू नका.

तारीख अस्पष्ट असेल तर एक सुंदर कसोटी आहे. अमेरिकन पेटंटं दर मंगळवारी दिली जातात. समजा तुम्ही ४-११-१६ असं वाचलं. अमेरिकन पद्धतीत आधी महिना येतो, म्हणजे ११ एप्रिल १९१६, आणि तो मंगळवार होता. आपल्या सवयीने ४ नोव्हेंबर वाचलं तर तो शनिवार येतो, म्हणजे वाचन चुकलं. पुसट १ आणि ७, ३ आणि ८ यांचा वाद या कसोटीवर कित्येकदा सुटतो. जुनं कॅलेंडर फोनवर सहज मिळतं.

क्रमांकांसाठी काही खुंट्या लक्षात ठेवा. अमेरिकेचं दहा लाखावं पेटंट ८ ऑगस्ट १९११ रोजी निघालं, पंधरा लाखावं १९२४ मध्ये आणि वीस लाखावं ३० एप्रिल १९३५ रोजी. सोळा लाखांच्या घरातला क्रमांक १९२६ ते १९२९ च्या दरम्यानचा. भागावर स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनंतर असतात, ते लक्षात घेऊन मोजा. ब्रिटिश क्रमांक १९१५ पर्यंत दरवर्षी एकपासून सुरू होत, म्हणून त्यांच्यापुढे तिरकी रेघ आणि वर्ष असतं. १९१६ पासून एक लाखाच्या पुढे सलग मालिका सुरू झाली. फ्रेंच भागावर ब्रव्हेते, म्हणजे पेटंट मिळालेलं, या शब्दानंतर एस, जी, डी, जी ही चार अक्षरं दिसतात, म्हणजे सरकारच्या हमीशिवाय दिलेलं पेटंट. ही खूण १९६८ मध्ये बंद झाली. जर्मन भागावर डी, आर, पी ही अक्षरं म्हणजे तिथलं १९४५ पर्यंतचं राइश पेटंट.

क्रमांक मिळाला की मूळ पेटंट उघडून त्यातलं रेखाचित्र पाहाच. आतल्या झडपा, पाती, चकत्या कशा बसतात ते त्यात असतं, आणि दुरुस्तीसाठी याहून चांगलं पुस्तक मिळणार नाही. दोन गोष्टी मात्र विसरू नका. पेटंटची तारीख ही भाग बनल्याची तारीख नव्हे. तो त्या तारखेच्या आधी बनलेला नाही एवढंच ती सांगते. अमेरिकन पेटंट त्या काळी सतरा वर्षं टिकायचं, आणि तितकी वर्षं तेच अक्षर साच्यावर राहू शकायचं. अनेक क्रमांक असतील तर सर्वांत मोठा धरा. आणि पेटंट कधीकधी नुसत्या बुशचं किंवा झडपेचं असतं, तेव्हा चित्रात तुमचा भाग दिसला नाही म्हणून निराश होऊ नका.

आटे खोटं बोलत नाहीत

अक्षरं पूर्ण गेली असतील तेव्हा आटे मोजायचे. आटेमापक नसेल तर चांगल्या मोजपट्टीवर एका इंचात किती आटे येतात ते मोजा. अर्धा इंची बोल्टवर इंचाला १२ आटे असतील तर ब्रिटिश व्हिटवर्थ, म्हणजे त्यांचे जाड आटे, १३ असतील तर अमेरिकन जाड आटे. बारीक आट्यांमध्ये अर्धा इंचाला ब्रिटिश १६, अमेरिकन २०. तीन-अष्टमांश इंचाला बारीक आट्यांत ब्रिटिश २० आणि अमेरिकन २४. पाव इंची आणि तीन-अष्टमांश जाड आट्यांवर मात्र विसंबू नका. दोन्हीकडे अनुक्रमे २० आणि १६ असल्याने नट चढतो आणि फसवतो. तिथे फरक फक्त कोनाचा असतो, ब्रिटिश ५५ अंश आणि अमेरिकन ६० अंश.

यासाठी डब्यावरचे मूळ आटे मोजा, म्हणजे झाकणाचे, विरोध कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रण सुईचे, ओतीव भागात कापलेले. बोल्ट आणि नट कोणीही केव्हाही बदललेले असतात. आणि डब्यातल्या भोकात मेट्रिक आटे निघाले तर भाग एकतर युरोपातला आहे किंवा अलीकडे बनवलेली नक्कल. हार्टफर्डच्या आणि मॉडेल ए च्या शॉकअपच्या चांगल्या नकला आजही बनतात, आणि वापरायला त्या उत्तम आहेत. फक्त मूळ म्हणून विकत घेऊ नका. नकलेवर अक्षरांच्या कडा फार ताज्या असतात, हाताच्या भोकात झीज नसते, आणि जिथे मूळ भागावर घडीव लोखंडाचा कोरडा पोत असतो तिथे वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा दिसतो.

आता गाडी

काम, कारखाना आणि काळ हातात आल्यावर ब्रॅकेट पुढे घ्या. चॅसिसला टेकणारी बाजू सपाट आहे की चॅनेलला मिठी मारणारी? भोकं किती, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर किती? यू-बोल्ट असेल तर त्याची आतली रुंदी मोजा. ती पाट्याच्या किंवा ॲक्सलच्या रुंदीशी जुळते. हाताची लांबी दांड्याच्या मध्यापासून टोकाच्या भोकाच्या मध्यापर्यंत घ्या, हात सरळ आहे की बाजूला वाकवलेला आहे ते नोंदवा, आणि टोकाला गोळा आहे, रबर बुश आहे की साधं भोक आहे तेही. मॉडेल टी आणि मॉडेल ए दोघींचे पाटे आडवे, त्यामुळे त्यांची ब्रॅकेटं उभ्या, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या, पाट्यांच्या शेव्हरोले-डॉजशी कधी जुळत नाहीत. एवढ्यावरूनही अर्ध्या शक्यता गळतात.

ब्रॅकेट वेल्डिंगने जोडलेलं असेल, कडा गॅस कटरने कापलेल्या असतील, भोकं थोडी तिरकी असतील, तर ते इथल्या कुठल्या तरी गॅरेजमध्ये बनलं आहे आणि गाडीबद्दल काहीही सांगणार नाही. अशा वेळी चॅसिस तपासा. वापरात नसलेली, रंगाने भरलेली भोकं शोधा आणि त्यांचं अंतर मोजा. मूळ ब्रॅकेट गेलं तरी त्याचं माप चॅसिसवर राहतं.

दुसऱ्या कोणाला विचारायचं झालं तर भागाच्या चारही बाजूंचे आणि ब्रॅकेटचे फोटो, शेजारी मोजपट्टी, पेन्सिलीने उतरवलेली अक्षरं, आट्यांची मोजणी, आणि हलवल्यावर तो कसा वागतो याची एक ओळ एवढं पाठवा. "हा कोणत्या गाडीचा" याऐवजी "हा घर्षणाचा आहे, आटे ब्रिटिश आहेत, हात इतक्या लांबीचा आहे, ब्रॅकेटची भोकं इतक्या अंतरावर आहेत" असं लिहिलंत तर इंग्लंड-अमेरिकेतले जाणते लोकही त्याच दिवशी उत्तर देतात.

चारही मिळून एक संच आहे असं गृहीत धरू नका. पुढचे दोन एका कारखान्याचे आणि मागचे दोन दुसऱ्याचे हे सर्रास आढळतं, आणि ते चालवून घेता येतं. एकाच ॲक्सलवर डावीकडे एक जात आणि उजवीकडे दुसरी असेल तर मात्र गाडी रस्त्यावर काढू नका, कारण ब्रेक लावताना ती एका बाजूला ओढेल. एकमार्गी हायड्रॉलिकची जोडी असेल तर डावा-उजवा अदलाबदल झालेला नाही ना, हे हाताने फिरवून पाहा. बसवलेल्या स्थितीत चाक खाली जाताना जड लागायला हवं. दोन्ही उलटे लागले तर बाजू बदला. एकच उलटा लागला तर तो दुसऱ्या बाजूचा आहे, आणि तुमच्या गाडीवर दोन डावे किंवा दोन उजवे बसले आहेत. त्याचा जोडीदार आता त्याच नावाने, त्याच पेटंट क्रमांकाने आणि हाताच्या त्याच लांबीने शोधायचा.